दहा किलो घरची रुई

मयूरीला पत्र आले सोमवारी. समुद्रकाठच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात वर्षभराचे प्रशिक्षण. वसतिगृहात खाट मिळेल, गादी स्वतःची आणावी. होकार शनिवारी पाचच्या आत कळवायचा, सोबत वडिलांची सही. गुरुवारचे जेवण झाले तरी सहीची जागा कोरीच होती.

कारण तिच्या वडिलांनी, महिपतने, टीव्हीवर एक बातमी ऐकली होती. अमेरिका जगात सगळ्यांत जास्त तेल काढते आणि तरीही बाहेरून तेल घेते.

“विकूनही राह्यले आन् घेऊनही राह्यले,” तो म्हणाला. “असा धंदा म्या जैनथच्या बाजारात केला तं लोक मले दोरीनं बांधतीन. या लायनीत पोरीले धाडायचं नाई.”

मयूरीने केमिकलचा डिप्लोमा केला होता. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, जमिनीतलं तेल सगळीकडं सारखं नसते. कुठलं पाण्यावानी पातळ, कुठलं डांबरावानी घट्ट. कारखाना ज्या तेलासाठी बांधला, त्याले तसंच लागते. त्यायचे बरेच कारखाने घट्ट तेलाचे, आन् आता जमिनीतून निघून राह्यलं पातळ. मंग पातळ विकतेत, घट्ट घेतेत, मिसळून चालवतेत.”

“तेल ते तेल. कारखान्याचे एवढे लाड काऊन?”

मयूरीच्या आईने, बयनाबाईने, ताटे उचलली. “सही नाई तं नाई. गादी तं करून ठेवा. पाहुण्यायले होईल.”

गादीला महिपतची हरकत नव्हती. विकतच्या रुईला होती. त्याचा कापूस लांब धाग्याचा, व्यापारी तो चिमटीत ओढून बघत आणि मान डोलावत. घरात कापूस असताना कापूस विकत घेणे म्हणजे त्याच्या मते आजार नसताना दवाखाना. सरकी काढलेली दहा किलो रुई त्याने पोत्यात भरली आणि शुक्रवारी सकाळी तिघे ऑटोने आदिलाबादला मस्तानभाईच्या पिंजण्याच्या दुकानात पोचले.

मस्तानभाईने रुई चिमटीत धरून ओढली. मान डोलावली नाही.

“पटेल, ये माल सूत का है. मेरी मशीन को छोटा धागा होना. मेरे पास पैनगंगा के उस पार की देसी रुई है, वो भरता.”

“रुई तो रुई है, मस्तानभाई. तुम डालो.”

बयनाबाईने मयूरीकडे पाहिले. मयूरी भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होती.

मशीन चार मिनिटे चालली. लांब धागे दातेरी रुळाला गुंडाळत गेले, रूळ फुगला, पट्टा निसटला आणि सगळे थांबले. पुढची चाळीस मिनिटे मस्तानभाई विळ्याने रुळावरची रुई कापत बसला. महिपत विळ्याकडे बघत राहिला.

“मशीन बदल क्यों नहीं लेते?” शेवटी त्याने विचारले.

“आप एक गादी के वास्ते आए, पटेल. मैं मशीन बदलूँ?”

मग मस्तानभाईनेच तोड काढली. तीन वाटे नदीपलीकडची आखूड रुई, एक वाटा महिपतची. एवढे मशीनला चालेल. उरलेला लांब माल तो विकत घेईल, सूतवाल्याला देईल. काट्यावर आधी महिपतचा माल चढला, मग त्याच काट्यावर पलीकडची रुई.

“मयूरीचे बाबा,” बयनाबाई काट्याकडे बघत म्हणाली, “विकूनही राह्यले आन् घेऊनही राह्यले. दोरी आणू का?”

मस्तानभाईला काही कळले नाही, तरी तो हसला. महिपतने पोते झटकले, आणि झटकतच राहिला.

परतताना गादीची गुंडाळी ऑटोच्या टपावर होती.  घरी महिपतने गादी ओसरीवर पसरली, मुठीने चार ठिकाणी दाबून पाहिली, मग वर बसला. कुठे गोळा नव्हता.

“कागद आन.”

त्याने सही केली. पाचला दहा मिनिटे कमी होती आणि शनिवार अजून उद्यावर होता. कागद मयूरीच्या हातात देता देता त्याने तो क्षणभर धरून ठेवला.

“तिथं गेल्यावर त्यायले एक इचारजो. घट्ट किती घालतेत आन् पातळ किती.”

“काऊन बाबा?”

“आपल्याले एकाले तीन लागलं,” महिपत म्हणाला. “त्यायचं तं मशीन मोठं असन.”