अर्धं सूत

ओंकारच्या डोक्यात एकदा मोठं बसलं की लहानाला शिरायला जागा उरत नसे. मोशीतलं वावर बिल्डरला गेल्यावर त्यानं जुनी जीप घेतली, तिच्यात इंजेक्शनचं इंजिन बसवलं आणि पेट्रोलची नळीही मोठीच आणली, तीन सुती, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरची. ‘मोठी नळी, मोठी ताकद,’ हे ज्ञान तो गावभर फुकट वाटत फिरला.

त्याची वहिनी अनिता आठ वर्षं चाकणच्या कंपनीत असल्याच नळ्यांची गळती तपासत होती. पण घरात तिला कुणी विचारील तर शपथ! तिनं आपणहून नळी पाहिली आणि कपाळावर हात मारला. पंपाचं तोंड आठ मिलिमीटरचं, म्हणजे अडीच सूत. त्यावर तीन सुती नळी चढवून पठ्ठ्यानं पट्टी करकचून आवळली होती.

“भावजी, पाइप बाहेरून मोजतात, नळी आतून. ही अर्धं सूत ढिली आहे. आवळली की तिला चुणी पडते, आणि चुणीतून पेट्रोल येतं. आधीच्या इंजिनाला ते नुसतं पाझरत जायचं. आता पंप टायरातल्या हवेपेक्षा जास्त दाबानं ढकलणार.”

“अर्धं सूत कोन मोजतंय, वैनी? बायकांना कायतरी काम पायजे म्हनून कंपनी मोजायला लावती.”

सुतावरून स्वर्ग गाठणारे पुष्कळ असतात. हा अर्ध्या सुतावरून निघालाय आणि घरादाराला बरोबर नेणार, असं अनिताच्या मनात आलं. तिनं नवऱ्याला सांगितलं. मुरारी म्हणाला, “दसरा होऊ दे, मग बघू.” मुरारीचं सगळं दसऱ्यानंतर, आणि दसरा झाला की दिवाळीनंतर.

दसऱ्याला जीप धुऊन झेंडूनं मढवली. इंजिनालाच ओवाळायचं म्हणून ओंकारनं बॉनेट उघडं ठेवलं. सासूबाई, कौशल्याबाई, पेटतं निरांजन ताटात घेऊन पुढं झाल्या. ओंकार रुबाबात सीटवर बसला आणि त्यानं चावी फिरवली. पंप घूं करून दाब धरू लागला, आणि अनिताच्या नाकात वास शिरला. या वासाला कंपनीत अख्खी लाइन बंद करतात.

“आत्याबाई, मागं व्हा! भावजी, बंद करा!”

कुणी हललं नाही. तिनं धावत जाऊन निरांजनावर फुंकर मारली.

ऐन दसऱ्याला सुनेनं दिवा विझवला! आयाबायांनी तोंडावर पदर घेतला. मुरारीला कधी नव्हे तो राग आला, तोही बायकोचाच. ओंकारनं तर ऐट दाखवायला स्टार्टर मारला. इंजिन गुरगुरलं आणि नळी सटकली. पेट्रोलची पिचकारी ताटावर, विझल्या वातीवर आणि कौशल्याबाईंच्या लुगड्यावर उडाली. आता कुठं ओंकारनं चावी काढली.

कौशल्याबाई निथळत उभ्या होत्या. अनितानं त्यांना धरून बाजूला नेलं.

ओंकारला मात्र अजून बोलायचंच होतं. “वैनीनं दिवा इझवला ना, तवाच मला वाटलं. अपशकुन झाला.”

“व्हय रं,” कौशल्याबाई म्हणाल्या, “तिनं इझवला, म्हनून तर आज तुला आई हाय.”

आणि ताट त्यांनी अनिताच्या हातात दिलं.