कोरड्या चाकावरच्या तलवारी

शके सतराशे चोवीस. ऐन दिवाळीत हडपसरच्या माळावर मोठी लढाई झाली, श्रीमंत पेशवे शहर सोडून गेले आणि पुण्याला धनी उरला नाही. तेव्हा मी विशीत होते. नागझरी ओढ्याकाठच्या, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या आळीत सून म्हणून येऊन मला तीन पावसाळे झाले होते.

ती आळी आता तशी राहिली नाही. दसऱ्याआधीचा पंधरवडा मला अजून आठवतो. सरदारांची माणसे तलवारींचे भारे घेऊन दारात ताटकळत, चाकांची घरघर ओढ्यापलीकडे ऐकू जाई आणि संध्याकाळी भाकरीलाही लोखंडाची चव येई.

धार लावायला तेव्हा दोन माणसे लागत. एकाने पाते धरायचे, दुसऱ्याने आसाला गुंडाळलेली चामड्याची वादी ओढायची. कुरुंदाचे चाक पुढे जाई, मागे येई. माझे सासरे मुनव्वर यांनी छावणीत एका फिरंगी तोफखान्यात पायाने फिरणारे चाक पाहिले. घरी येऊन त्यांनी मोडक्या गाडीचे चाक, एक फळी आणि वाकवलेली कांब जोडून तसेच स्वतः बनवले. फळी दाबत राहिले की चाक एकाच दिशेने, न थांबता फिरे. आळी हसली.

"मुनव्वरमियाँ, रोजीच्या चाकाला पाय लावता?" शेजारचा दत्तोबा लोहार म्हणाला.

"रोज संध्याकाळी माफी मागतो त्याची," सासरे म्हणाले. "तू ऐरणीवर घण घालतोस, तिची मागतोस का?"

पुढे त्यांच्या छातीत धूळ बसली, खोकल्याने ते वाकू लागले, तेव्हा चाक मी चालवू लागले. माझा नवरा रियाज अंगणातल्या छोट्या ऐरणीवर मुठी बसवत असे. ओसरीवरच्या गिऱ्हाइकांना वाटे, आत म्हाताऱ्याचा हात चालतो आहे.

या चाकाची एकच खोड होती. ते इतके भरभर फिरे की पाते तापे. म्हणून वर पाण्याचे मडके टांगून धार सोडावी लागे. पाणी नसेल तर पाते निळे पडते, पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतो. अशी तलवार दिसायला आरसा, पहिल्या घावात हाडही कापेल, पण पुढच्या घावाला हाडावर किंवा लोखंडावर आपटली की धार दुमडते. "निळी पडली ती मेली," असे सासरे म्हणत.

लढाईनंतर चौथ्या दिवशी हिंदुराव नावाचा पथक्या आळीत आला. कोणत्या झेंड्याचा, ते त्याच्या माणसांनाही धड सांगता येईना. घरे फोडणे आणि माणसे तोडणे एवढेच त्यांचे काम. बोथट झालेल्या तलवारी बैलावर लादून त्याने आमच्या अंगणात ओतल्या. कित्येकींवर रक्त वाळले होते.

"सांजच्याला पायजेत. तुझं चाक लई पळतंय म्हणं."

"पळतं, पण पाण्याबरोबर पळतं," सासरे म्हणाले. "दोन दिवस द्या. घाई केली तर पोलाद—"

हिंदुरावाने भाला त्यांच्या पोटात घातला आणि फिरवून काढला. सासरे चाकाला धरून खाली बसले. काही बोलायला तोंड उघडले, पण रक्तच आले.

"आता तू चालव," हिंदुराव रियाजला म्हणाला.

रियाज बापाकडे बघत राहिला. मी पुढे झाले.

"मी चालवते. त्यांना येत नाही."

तो मोठ्याने हसला. "बाई धार लावनार? लाव. सांजच्याला काम न्हाई, तर ह्याचं मुंडकं त्या चाकावर ठेवून जाईन." रियाजला अंगणातल्या खांबाला बांधून, एक स्वार राखणीला ठेवून तो गेला.

मी फळीवर पाय ठेवला. सासऱ्यांचा जीव गेला होता, पण स्वाराने त्यांना हलवूही दिले नाही. माशा येत होत्या. पाण्याखाली काम केले तर संध्याकाळपर्यंत निम्मेही झाले नसते, आणि रियाज मेला असता. कोरडे केले तर काम उरकले असते. पण पात्यांचा निळा रंग हिंदुरावाला कळला असता, तरी रियाज मेलाच असता.

मी मडके उतरवले.

ठिणग्या अंगणभर उडाल्या. रियाजने मान वर केली. त्याला सगळे समजले.

"पानी का काढलं गं?" राखणीच्या स्वाराने विचारले.

"उशीर होतो."

एकेक पाते निळे पडत गेले. चिंचेच्या कोळाने आणि विटेच्या भुकटीने मी तो रंग घासून काढला. हाताची सालटी निघाली. मुठी ढिल्या आहेत, लाखेने पक्क्या करते, असे सांगून मी लाखेची वाटी निखाऱ्यावर ठेवली. हाताला काहीतरी काम हवे होते, दुसरे काही मनात नव्हते.

ऊन कलताना हिंदुराव एका स्वारासह आला. त्याने एक तलवार उचलली आणि आमच्या शेळीची मान एका घावात उडवली. तिचे धड दोन पावले चालले.

"बेस. आता सोडा त्याला." दोर सुटला, आणि लगेच हिंदुराव म्हणाला, "उजवा हात ऐरणीवर धरा. आमच्यामागं दुसऱ्याच्या तलवारीला मुठी बसवायला नको."

दोघांनी रियाजचे मनगट दाबले. त्याच तलवारीचा घाव पडला. रियाज ओरडला, ती ओरड मला आजही ऐकू येते. पण धार मनगटावरून घसरली, हात तुटला नाही. दोन बोटे उडाली आणि पाते ऐरणीला लागले. हिंदुरावाने तलवार डोळ्यांपुढे धरली. धार कागदाच्या कडेसारखी मुडपली होती.

"रांडे," तो हळू म्हणाला, आणि माझ्याकडे वळला.

मी उकळती लाख त्याच्या तोंडावर फेकली.

तो डोळे धरून कोसळला. स्वारांनी आमच्याच ढिगातल्या तलवारी उपसल्या. तेवढ्यात किंकाळ्या ऐकून दत्तोबा घण घेऊन आला. पहिल्या स्वाराने वार केला, तो घणावर बसला आणि पाते वाकले. दत्तोबाने त्याचे डोके फोडले. दुसरा कुंपणावरून पळाला. मग दत्तोबा हिंदुरावाजवळ गेला. मी तोंड फिरवले नाही. सासरे तिथेच पडले होते.

त्या रात्रीच आम्ही सासऱ्यांना पुरले आणि आळी सोडली. दुसऱ्या दिवशी पथकाने येऊन आमचे घर जाळले आणि ढिगातल्या तलवारी उचलून नेल्या. त्यांतले बरेच जण पुढे नगरच्या वाटेवर दुसऱ्या टोळीकडून कापले गेले, असे ऐकले. पळालेल्या स्वाराचे काय झाले, ते कळले नाही; पथकाकडे तो परतला नसावा.

दत्तोबा पुढच्या साली दुष्काळात गेला. त्याच्या बायकोला आम्ही आमच्यापाशी वाघोलीला आणले. ती माझ्या मुलांची मोठी आई झाली. रियाज तीन बोटांनी मुठी बसवायला शिकला, पण तलवारीला त्याने पुन्हा हात लावला नाही. विळ्यांना मुठी बसवत म्हातारा झाला आणि झोपेत गेला. मी वाघोलीत तसेच चाक पुन्हा बांधले. आता थोरली सून ते फिरवते आणि मी कानाने ऐकते, कुठे घाई करते आहे का ते.