तीन फुल्या

टांगानिकाच्या त्या निवडणुकीत आमच्या घरात मत एकच होतं, माझं. आठवी नाही, पगार नाही, त्याला मत नाही, असा सरकारी हिशेब. आईनं नारळ विकून मला आठवीपर्यंत शिकवलं होतं.

थोरला भाऊ सेम्किवा फेल्टन साहेबाच्या घायपाताच्या मळ्यावर होता. पात सोलायच्या यंत्रात त्याचा हात गेला. रक्तानं गादी खराब होईल म्हणून साहेबानं मोटार दिली नाही. खाटेवरून मुहेझाच्या दवाखान्यात पोचलं ते प्रेतच.

आणि नियम असा, की प्रत्येकानं तीन फुल्या मारायच्या: एक आफ्रिकी उमेदवाराला, एक हिंदी, एक गोऱ्याला. एक जागा कोरी ठेवली की तिन्ही बाद. ही अक्कल कुठल्या शहाण्यानं पाजळली कोण जाणे! गोरे दोनच उभे होते. एक म्हणायचा, स्वातंत्र्य पन्नास वर्षांनी बघू. लवकर द्या म्हणणारा दुसरा, आमच्या पक्षानं पाठिंबा दिलेला, फेल्टन.

"म्हीना, दगडापेक्षा वीट मऊ," पक्षाचा चिटणीस किलुआ म्हणाला.

"तीच वीट माझ्या भावाच्या डोक्यात बसलीय."

"मग आपल्या आफ्रिकी उमेदवाराला, शेकिओंडो गुरुजींना पाड आणि बस घरी!"

आईचं म्हणणं सरळ होतं. "त्या मेल्याला फुली मारलीस, तर माझ्या ताटात हात घालायचा नाही." आमच्याकडं घरची माणसं एकाच ताटात जेवतात.

मी तिन्ही फुल्या मारल्या. तिसरी मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

"कोरी ठेवलीस ना?" आईनं दारातच विचारलं.

"ठेवली."

आई खुलली. गावभर सांगत सुटली, माझा लेक विकला गेला नाही.

आमचे तिघेही निवडून आले. मिरवणूक आमच्या दारावरून गेली. फेल्टनच्या गळ्यात हार होता. किलुआ तेवढ्यात अंगणात शिरला.

"काय रे, मत वाया घालवलंस म्हणे? खरं सांग. मारली होतीस की नाही?"

आई माझ्या शेजारी ताठ उभी होती.

"नाही मारली."

"घरभेदी! पक्षाचं कार्ड दे इकडं."

मी दिलं. ते कार्ड मी चार वर्षं उराशी जपलं होतं. माझ्या मतानं जे आलं, त्यात आता मला जागा नव्हती.

त्या संध्याकाळी आईनं नारळाच्या रसातली मासळी केली. "सेम्किवा बघत असेल हो," म्हणाली, आणि मोठा तुकडा माझ्या बाजूला सारला.

मी तिच्या ताटात हात घातला.