दोन उन्हं

पाचूबंदरची मासेमारीची होडी विकून कॉन्रॅडने उमेळ्याच्या खाडीकाठच्या खाजणात जिताडे पाळायला तळं घेतलं, तेव्हा गाववाले हसले होते. "मासा पाळतोस? उद्या त्याला वेसन घालशील!" आता कोणी हसत नव्हतं. रोज सकाळी अंगावर लाल चट्टे पडलेले, शेपट्या झडलेले मासे कडेला उलटे तरंगत. हा रोग येऊ नये म्हणूनच तर गेल्या महिन्यात त्यांना लस घातलेलं खाद्य दिलं होतं.

माशांची डॉक्टर क्षितिजा तळ्याच्या बांधावर बसली. आदल्या दिवशी तिने जिवंत माशांचं रक्त काढून नेलं होतं; त्यातलं वर सुटलेलं निवळ पाणी आज बाटलीत आणलं होतं. काचेच्या पट्टीवर तिने याच रोगाच्या मेलेल्या जंतूंचा दुधाळ थेंब ठेवला.

"लस लागू पडली असेल तर रक्त या जंतूला ओळखतं. ओळखलं की दूध फाटल्यासारखे कण दिसतात."

त्या थेंबात तिने बाटलीतला थेंब मिसळला. ती पट्टी बराच वेळ हलवत राहिली. काही फाटलं नाही.

"ओळखच नाही," ती म्हणाली. "जणू लस मिळालीच नव्हती."

"लसच जुनी असल," कॉन्रॅड म्हणाला.

"तीच लस आमच्या प्रयोगशाळेच्या टाकीतल्या माशांना दिली होती. हे बघा." दुसऱ्या पट्टीवर तिने त्या माशांच्या रक्ताचं पाणी मिसळलं; थेंब लगेच फाटला. "काका, खाद्य थंड जागी ठेवलं होतं ना?"

चहा घेऊन आलेली त्याची बायको लिलीच बोलली, तीही कौतुकाने. "ओलीगच्च पिशवी, बाय. बुरशी धरली असती. बोंबलांशेजारी जाळ्यावर पसरलं, दोन उन्हं दिली. कसं खडखडीत झालं!"

कॉन्रॅडनेही ते पाहिलं होतं आणि त्याला बरंच वाटलं होतं. ओलं राहिलं की सडतं, हे ज्या घरात जन्मापासून ठाऊक, तिथे दुसरं काय सुचणार?

"उन्हात..." डॉक्टरने हातातली पट्टी खाली ठेवली.

"तसं काय नाय गो," कॉन्रॅड घाईने म्हणाला. "पानीच खराब हाय."

"तू गप. बाय, तू सांग. माझ्या उन्हानं मेले?"

"लस उन्हात निकामी होते, मावशी. त्यांच्या पोटात नुसतं खाद्य गेलं."

"मग आता परत दे."

"शरीराला ओळख पटायला काही आठवडे लागतात. रोग तेवढा थांबत नाही. तळं रिकामं करावं लागेल. चुना टाकून सगळे मासे पुरा, धडधाकट दिसतील तेही. खाऊ नका, सुकवू नका."

लिलीने चहा खाली ठेवला, पदर खोचला. "जाळं आन."

"तू बस गो. मी मानसं बोलावतो."

"आन म्हनते ना!"

जन्मभर तिचं काम मासळी किनाऱ्याला लागल्यावर सुरू व्हायचं. आज ती जाळ्याचं एक टोक धरून कमरेएवढ्या पाण्यात उतरली. दुसरं टोक त्याने धरलं. जाळं जड येत होतं, पण आत धडपड नव्हती. कडेला आल्यावर मात्र एक जिताडा उसळला. चांगला हातभर, चंदेरी, अंगावर एकही डाग नाही.

लिलीने कॉन्रॅडकडे पाहिलं, कॉन्रॅडने डॉक्टरकडे. डॉक्टरने नकारार्थी मान हलवली.

लिलीने जाळं ओढलं.