मऊ पडलेली बोटं

मी हार्प. उभी केली तर तुमच्याहून उंच, आणि एकदा खोलीत शिरले की बाकीच्या सामानाला अंग चोरूनच राहावं लागतं. वेल्समधल्या एका डोंगराळ गावात, नेरिसच्या घरी, पुढच्या खोलीत सध्या माझा मुक्काम आहे. गुरुवारी मला न्यायला गाडी येणार आहे. त्याआधी बोलून घेते. जिथे जाणार आहे तिथे मला कुणी बोलतं करील असं वाटत नाही.

माझं अंग मेपलच्या लाकडाचं, आणि ज्यातून सूर निघतो ती छातीची फळी स्प्रूसची, पातळ. ज्या म्हाताऱ्यानं मला घडवलं तो तारा चढवताना एकटाच बोलायचा. "व्हायोलिनं जुनी झाली की गोड होतात," तो म्हणाला होता, "तुझं तसं नाही, बाई. तुझ्याच तारा तुला जन्मभर ओढणार, आणि एक दिवस ही फळी पोटाशी फुगून वर येणार. तोवर गाऊन घे." मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. सगळ्यांचं असंच असतं असं मी धरून चालले.

माझी पहिली मालकीण संगीताची शिक्षिका होती. तिचे गुडघे गेले आणि मी नेरिसकडे आले. नेरिस तेव्हा नुकती शिकून बाहेर पडली होती. मला दारातून आत घेताना तिची आई, ऑल्वेन, एप्रनला हात पुसत आली आणि तिनं माझ्या मानेवर तळवा ठेवला. बाई मोठी देवभोळी. चॅपलमधली प्रार्थना तिनं कधी चुकवली नाही, आणि देवाशी बोलायची ती शेजारणीशी बोलावं तशी. त्या दिवशी म्हणाली, "देवा, माझ्या लेकीचं पोट या लाकडावर चालू दे. घरातलं पाण्याचं काम मी करीन. हिची बोटं मी भिजू देणार नाही."

हे मागणं वेगळंच वाटेल, म्हणून सांगते. माझ्या तारा आतड्याच्या असतात. करंगळ्या सोडून बाकी आठ बोटांच्या शेंड्यांनी त्या ओढायच्या असतात. रोज वाजवून वाजवून शेंड्यांवर घट्टे पडतात आणि त्या घट्ट्यांवरच हार्पवालीचं घर चालतं. मऊ बोटानं वाजवलं तर सूर भोंगळ येतो, आणि थोड्या वेळानं फोड येतो. घट्ट्यांचा वैरी एकच, गरम साबणाचं पाणी. म्हणून त्या घरात भांडी, धुणं, भाजी धुणं, फरशी, सगळं आईचं. नेरिस कधी सिंककडे वळली की आई तिला कोपरानं बाजूला सारायची. "हो तिकडे. बोटं सांभाळ. तुझ्या वाटणीचं मी भिजते."

आईनं बोललेलं किती वर्षं पाळलं, ते मी याच खोलीत उभी राहून पाहिलं आहे.

बाकी आमचं पोट तसं फिरतीचं. नेरिसची नोकरी अशी नव्हती. बोलावणं आलं की जायचं. गाडीच्या मागच्या सीट आडव्या करून, गोधडीसारखी जाड खोळ घालून मला निजवायची आणि निघायचं. सगळ्यांच्या आधी पोचायचं, कारण मला नव्या हवेत सुरात आणायला वेळ लागतो. आणि निघायचं सगळ्यांच्या शेवटी. लग्नात पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून सामन माशाचे तुकडे चावत गप्पा मारतात, आणि मला जिन्यावरून ढकलताना कुणी ना कुणी काका हमखास म्हणतो, "बासरी शिकायला हवी होतीस, पोरी." नेरिस दर वेळी हसायची, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे. तेही कामातच धरलेलं असतं.

वाद्यवृंदात मात्र आमचा मान वेगळा. तिथे पानंच्या पानं गप्प बसायचं आणि मग सगळे थांबले की एकटीनं बोलायचं. ती बोलावणी इडवलकडून यायची. कार्डिफच्या वाद्यवृंदाला जादा वादक तो जमवून देतो. पोट सुटलेला, बोलण्यात तिरका, मनानं वाईट नाही.

मग आईचं डोकं विसरायला लागलं. आधी चमचे कुठे ठेवायचे ते, मग प्रार्थनेचा वार, मग घर. तिचं तिला कळत होतं तेव्हाच एकदा, माझ्यासमोर या खोलीत, तिनं नेरिसचा हात धरला. "मला परक्यांच्या हाती देऊ नकोस."

"नाही देणार, माम." नेरिसनं देवाला साक्ष ठेवून सांगितलं. त्या घरात असं सांगितलेलं मोडत नाहीत.

आता आंघोळ घालायची, अंथरूण धुवायचं, दिवसातून किती वेळा कपडे बदलायचे, सगळं नेरिसकडे आलं. तिनं रबरी हातमोजे आणले. पहिल्याच दिवशी आई न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "तू दवाखान्यातली आहेस. लांब हो माझ्यापासून." नेरिसनं किती समजावलं. शेवटी तिनं एक मोजा काढला आणि हात पुढे केला. आईनं तो चाचपला, शेंड्यांवरून अंगठा फिरवला, आणि तिचा चेहरा निवळला.

"हां. ही माझी नेरिस. मग हे काय सोंग घातलं होतंस?"

त्यानंतर मोजे खिडकीतच पडून राहिले.

हे मला दिसत होतं, पण मी काय करणार. आठवड्यागणिक तिच्या बोटांचे घट्टे पांढरे पडले, मग कडेनं कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटायला लागले. रियाजही सुटला होता. ती माझ्यापाशी बसली की आई सपाता घालून दारातून बाहेर पडायची. एकदा पावसात चॅपलच्या फाटकाशी सापडली, कुणाच्या तरी लग्नाला आले म्हणत होती. लग्नाची कामं नेरिस नाकारत गेली.

इडवलचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. "हे बघ, तुला नाही म्हणायची सवय लागली आहे. दोनदा नाही म्हणणाऱ्यांची नावं मला आठवेनाशी होतात. वय झालं माझं."

"कोणतं काम आहे?"

"बॅले. मधला तुकडा हार्पचा एकटीचा, ठाऊक आहे तुला. माझी लाज राखशील ना?"

"राखीन," ती म्हणाली, आणि फोन ठेवून बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसली.

तालमीच्या दिवशी आईपाशी बसायला स्वान्सीहून नेरिसचा भाऊ गेथिन आला. आल्या आल्या म्हणाला, "वृद्धाश्रमात ठेव म्हणून किती वेळा सांगितलं. काही वाईट नसतात ते."

"मी वचन दिलंय."

"तू दिलंस. मी नाही दिलं."

"म्हणूनच तू शनिवारचा येतोस आणि मी रोज असते," नेरिस म्हणाली. मग आवाज उतरवून, "सूप शेगडीवर आहे. तिला गरम चालत नाही."

त्या दिवसांत तिला जेवढं जमलं तेवढं ती वाजवत होती, आणि शेंड्यांवर फोड आले होते. आमच्या हार्पवाल्या बायका अशा वेळी एक वेडेपणा करतात. फोडावर झटपट चिकटणारा डिंक लावतात, तो वाळून कवच होतं, आणि वेळ निभावून जाते. खाली जुना घट्टा असला तर खरंच निभावते. नेरिसच्या कवचाखाली नुसती गुलाबी कातडी होती.

तालमीत पहिली खेप निभावली. मी जीव ओतला. दुसऱ्या खेपेला उजव्या अंगठ्याचं कवच तारेत अडकून निघालं, बोट घसरलं, आणि सुराच्या जागी माझ्यातून नुसता धप्प आवाज आला. सगळे ऐकत होते.

"हार्प, पुन्हा एकदा?" वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले. अगदी सौम्यपणे.

पुन्हा एकदा. माझ्या काही तारा लाल रंगाच्या असतात, त्यांच्यावर रक्त दिसत नाही. शेजारच्या पांढऱ्या तारेवर दिसलं. पुढच्या रांगेतल्या एका व्हायोलिनवालीनं मान फिरवली, आणि तुकडा मध्येच थांबला. संचालकांनी थांबवला नव्हता. नेरिसनंच हात खाली घेतले.

मागच्या दाराशी इडवल आला. माझी चाकगाडी त्यानं स्वतः धरली.

"रात्रीच्या कार्यक्रमाला कॉलेजातली एक मुलगी येते आहे," तो म्हणाला. "मी तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं. रागावू नकोस."

"सकाळीच?"

"तू पिशवी उचललीस तेव्हा तुझी बोटं पाहिली. तीस वर्षं हेच बघतोय, नेरिस." त्यानं चाकगाडी दाराकडे वळवली. "आई बरी झाली की कळव."

"ती बरी होणार नाही, इडवल."

"ते ठाऊक आहे मला. दुसरं काय बोलणार?"

उताराच्या फळीवरून आम्ही बाहेर पडत होतो आणि दुसरी हार्प वर चढत होती, नवीकोरी. ती मला घासून गेली. तिची मुलगी "माफ करा हं" म्हणाली. घरापर्यंत नेरिसनं गाडीत रेडिओ लावला नाही.

त्यानंतर फोन वाजायचा तो दवाखान्याचा, नाहीतर गेथिनचा. मला विकायचं ठरलं तेव्हा तिनं मला सांगितलं नाही, पण खोळेवरची धूळ झटकून तिनं माझे फोटो काढले, तेव्हाच मी समजले. समुद्रावरच्या एका हॉटेलला मी हवी आहे. दिवाणखान्यात शोभेला. "वाजली नाही तरी चालेल," तिथला माणूस म्हणाला. माझी फळीही आता वर उचलली गेली आहे, म्हाताऱ्यानं सांगितलं होतं तशी, तेव्हा मी तक्रार कुठल्या तोंडानं करू? त्या पैशांतून नेरिस मदतीला एक बाई ठेवणार आहे. आई घरातच राहील. वचन राहील. मला ते पटतं.

पण कालचं सांगायला हवं.

दुपारी नेरिस आईचं तोंड पुसत होती. आईनं नेहमीसारखा तिचा हात धरला. शेंड्यांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग तो हात हळूच परत नेरिसच्या मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा.

"तुम्ही फार चांगल्या आहात," आई म्हणाली, "पण माझ्या मुलीला बोलवाल का?"

"माम, मीच आहे ना."

"नाही हो. तिची बोटं टणक आहेत. ती हार्प वाजवते." आणि नेरिसचा चेहरा पाहून तिनंच समजूत घातली. "वाईट वाटून घेऊ नका. येईल ती. कामाला गेली असेल. मी तिला भांड्यांना हात लावू देत नाही, तुम्हीही लावू देऊ नका."

नेरिस स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला, आणि बराच वेळ तसाच वाहत राहिला.

मग ती या खोलीत आली. आईची खुर्ची तिनं माझ्या समोर आणून ठेवली, दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. माझी खोळ काढली. तारा उतरल्या होत्या. एकेक करून सुरात लावल्या. मग वाजवायला लागली. गाणं नाही, लहान मुलींना पहिल्या दिवशी देतात ते सरळ सूर, वर आणि खाली, वर आणि खाली. आई ऐकता ऐकता झोपली. फोड आला तरी नेरिस थांबली नाही. आज सकाळी उठून पुन्हा बसली. आता कुणाचं बोलावणं यायचं नाही, तिकीट कुणी काढणार नाही. आईचा अंगठा फिरेल तेव्हा त्याला खाली काहीतरी टणक लागावं, एवढ्यासाठीच तिचं चाललं आहे.

घट्टे असे दोन-चार दिवसांत येत नाहीत. मला ठाऊक आहे, तिलाही आहे. तरी आज तिनं भांडी तशीच राहू दिली, आणि रबरी मोजे खिडकीतून काढून पाण्याखाली धरले, त्यांची चिकटलेली बोटं सोडवली, वाळत घातले.

गुरुवारी गाडी घेऊन येणाऱ्या दादा, तू मला ओळखत नाहीस. येऊ नकोस असं मी म्हणत नाही. व्यवहार झाला आहे आणि तुझंही पोट आहे. पण सावकाश ये. मोठा रस्ता सोड आणि डोंगरातला घे. वाटेत चहा पी, घाई करू नकोस. आणि वळणावर मेंढ्या आडव्या आल्या तर हॉर्न वाजवू नकोस. गाडी बंद करून बस, आणि त्यांना सगळ्यांना जाऊ दे.