दहा पळ्या पाण्याची परीक्षा

मित्रांनो, मी एका घराच्या परसातलं जुनं तळं आहे. लांबी दोन माणसांची, खोली मध्यभागी कमरेइतकी. मला डबकं म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझी हकिगत ऐकायची असेल तर नीट बसा. काठावरचा डावीकडचा दगड डुगडुगतो, तो सोडून कुठेही बसा.

मला खणलं ते नळकाकांनी. ते प्लंबर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे नळ दुरुस्त केले, गळत्या शोधल्या आणि घरात साचलेलं पाणी बाहेर काढून दिलं. काम सोडल्यावर मात्र त्यांच्या मनाने घेतलं की आता थोडं पाणी आपल्याजवळ ठेवायचं. काकूंना तिथे कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधायच्या होत्या. काकांनी दोऱ्यांच्या जागी खड्डा खणला आणि काकूंनी त्याच दिवशी मला "माझी सवत" असं नाव दिलं.

काकांचं काम चोख. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी माझ्या चारी काठांची पातळी तपासली. एक बाजू उथळ आणि उतरती ठेवली, म्हणजे आत पडलेली खारसुद्धा चालत बाहेर येईल. मग चिकणमाती पसरून ती अनवाणी तुडवली. पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी ते चार बोटं उतरलेलं! प्लंबरच्या घरी गळती! काकूंना हसू आवरेना.

"जन्मभर जगाची गळती काढलीत, आणि हे काय?"

काकांनी पुन्हा फावडं उचललं. मला रिकामं केलं आणि आणखी चार दिवस माती तुडवली. तेव्हापासून माझा थेंब झिरपलेला नाही.

पहिला महिनाभर माझं पाणी हिरवंगार होतं. येणारा-जाणारा नाक मुरडायचा. कोणी म्हणे औषध टाका, कोणी म्हणे उपसून टाका. काकांनी काठावर पाणकणीस लावलं, तळाशी थोडी पाणवनस्पती रोवली आणि स्वस्थ बसले. हळूहळू गोगलगायी आल्या, बेडूक आले, चतुर आले. चतुरांनी माझ्यात अंडी घातली. त्यांची पिल्लं पाण्यातच वाढतात, मातीच्या रंगाची, कुरूप आणि महाखादाड. डासांच्या अळ्या हे त्यांचं आवडतं खाणं. पाणी आपोआप नितळलं. दरवर्षी काका माझा अर्धाच गाळ काढत आणि तोही एक दिवस काठावर ठेवत, म्हणजे त्यातले जीव सरपटत परत आत येत. अशी अकरा वर्षं गेली. मी सुखात होतो, आणि मला त्याचा गर्वही होता.

मग काकांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि तीन महिने विश्रांतीसाठी ते दूर मुलीकडे गेले. काकूंच्या सोबतीला त्यांचा धाकटा भाऊ आला. हे मामा एका इस्पितळात साफसफाईची देखरेख करत. जमिनीवर केस दिसला तरी त्यांना जेवण जात नसे. माणूस मनाने सोन्यासारखा, पण हाताला स्वस्थता नाही.

"दाजी येतील तेव्हा तोंडात बोट घालतील बघ," ते म्हणाले. काकू दोन दिवस बाहेरगावी गेल्याची संधी साधून त्यांनी पंप लावला.

मित्रांनो, त्यांनी मला तळापर्यंत उपसलं. माझा सगळा गाळ पोत्यांत भरून कचरागाडीत दिला. तारेच्या ब्रशने दगड घासले, ब्लीचिंग पावडर मारली आणि नळाचं ताजं पाणी भरलं. मी चकाचक झालो. शेजारीपाजारी म्हणाले, "आता कसं शोभतं!" अकरा वर्षांत माझी एवढी स्तुती झाली नव्हती आणि माझ्यात एक जीव शिल्लक नव्हता. त्या स्तुतीचा मला अजून राग येतो.

पुढे जे व्हायचं तेच झालं. आठवड्याभरात पाणी हिरवं पडलं. पंधरवड्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. हो, माझ्यात डास झाले, मी लपवत नाही. पण पहारेकरी कचऱ्यात घालवल्यावर चोर शिरले, तर दोष कोणाचा?

शेजाऱ्यांनी तक्रार केली. नगरपालिकेचा डास-तपासनीस लांब दांड्याची पांढरी पळी घेऊन आला. पळीत अळ्याच अळ्या निघाल्या. एकवीस दिवसांनी दहा पळ्या पाणी तपासणार आणि तोवर अळ्या गेल्या नाहीत तर तळं बुजवलं जाईल, अशी नोटीस तो देऊन गेला.

मामांचा चेहरा उतरला. "ताई, चूक माझी. भानगडच नको, मी बुजवून वर छान फरशी बसवून देतो."

तेवढ्यात काकांचा फोन आला. ते रोज विचारत तेच त्यांनी विचारलं, "पाणी कसं आहे?"

"बरं आहे," काकू म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मग मामांच्या हातात दोन बादल्या दिल्या. "चल माझ्याबरोबर."

पलीकडच्या घरात एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. काकांनी कधीतरी त्यांच्या तडा गेलेल्या टबात माझा थोडा गाळ आणि पाणकणसाचे दोन कोंब घालून दिले होते. तो टब आता गच्च भरला होता. मामांनी सहा खेपा केल्या. गाळ आला, गोगलगायी आल्या, मुळांना चिकटून चतुरांची पिल्लं आली. माझी माणसं परत आली, असं मला वाटलं.

नंतरचे दिवस मामांना फार जड गेले. ते दर तासाला वाकून बघत. कधी तुरटी फिरवू का म्हणत, कधी गाळण लावू का.

"हात खिशात घाल," काकू सांगत.

एकविसाव्या दिवशी तपासनीस आला. मागे राडारोड्याने भरलेली ट्रॉलीही आली होती. पाणी अजून पुरतं नितळलं नव्हतं. त्याने पहिली पळी बुडवली. पळीत एक अळी वळवळत होती. त्याने खिशातलं पेन काढलं.

"पळी तशीच धरा," काकू म्हणाल्या. "अजून कोण आहे आत, बघा."

पळीच्या कडेला मातीसारखं काहीतरी बसलं होतं. ते हललं. त्याचा जबडा हातासारखा पुढे झेपावला आणि अळी नाहीशी झाली. तपासनीस पळीकडे बघतच राहिला. उरलेल्या नऊ पळ्या त्याने इमानाने बुडवल्या, माझ्या कोपऱ्याकोपऱ्यातून. एकही अळी निघाली नाही. त्याने ट्रॉलीवाल्याला हाक मारली, "वळव रे गाडी!"

महिन्याभराने काका काठी टेकत आले. काठावर बसून त्यांनी पाण्यात हात घातला आणि पाणी बदलल्याचं लगेच ओळखलं. काकूंनी सगळं सांगितलं, फोनवरच्या थापांसकट. मामा खाली मान घालून उभे होते.

काकांनी हात बाहेर काढून झटकला. मग म्हणाले, "आणि बुजवलं असतं तर मला काय सांगितलं असतंस?"

"तेच. बरं आहे म्हणून," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही यायच्या आत मी कुदळ घेऊन दुसरं खणलं असतं."

मित्रांनो, हे ऐकल्यावर मी विनंती वगैरे करावी अशी अपेक्षा ठेवू नका. मी बजावून सांगतो. मला घासू नका, उजळवू नका, माझ्या चिखलाला घाण म्हणू नका. आणि बुजवायचं मनात आलंच, तर आधी काकूंना विचारून या.