पाच-दोनची सोंगटी

“ओ दादा, उठा. ती खुर्ची माझ्या जोडीदाराची आहे.”

एलिसेओ हे म्हणाला तेव्हा फिलिबेर्तो त्याच खुर्चीत बसला होता. सत्तावीस वर्षं बसत होता. सान्तियागोच्या त्या गल्लीत बदामाच्या झाडाखाली डॉमिनोचं टेबल, आणि या जोडीला हरवणारा अख्ख्या वस्तीत कुणी नाही.

“थट्टा पुरे, लेका,” फिलिबेर्तो हसला. लोकांची फिरकी घेण्यात त्याचा जन्म गेला होता. आज आपली घेतली जातेय, एवढंच त्याला वाटलं.

एलिसेओ हसला नाही. त्याने पलीकडे हाक मारली, “नीकानोर, ये की रे! किती वाट बघायची?”

नीकानोर! सत्तावीस वर्षांपूर्वी ज्याच्याशी जोडी मोडून एलिसेओ फिलिबेर्तोकडे आला होता, आणि ज्याला दोघांनी तेव्हापासून दर रविवारी लोळवलं होतं, तोच.

एलिसेओची बायको मिग्दालिया फिलिबेर्तोच्या कानाशी वाकली. “भावजी, डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पार आत, मधोमध गुठळी अडकली. हातपाय धड आहेत. पण गेली तीसेक वर्षं पुसली गेली, अन् नवीन काही टिकत नाही. मला ओळखतो, कारण लग्न त्याआधीचं.”

“म्हणजे नेमका मीच पुसला गेलो?”



फिलिबेर्तो उठला. नीकानोर त्याच्या खुर्चीत बसला. नीकानोरचा जोडीदार, मासेवाला ओस्मानी, मुकाट फिलिबेर्तोसमोर आला.

टेबलावर बोलायला बंदी, म्हणून फिलिबेर्तो आणि एलिसेओने पूर्वी एक लबाडी शोधली होती. डाव्या कानामागे खाजवलं की ‘पाच टाक’. बायकांनाही माहीत नव्हतं. फिलिबेर्तोने एलिसेओकडे बघत मुद्दाम खाजवलं.

“नीकानोर, बघ, याला उवा झाल्यात!”

सगळे खो खो हसले. सर्वांत मोठ्याने फिलिबेर्तो.

डाव शेवटाला आला. फिलिबेर्तोच्या हातात एकच सोंगटी उरली, पाच-दोन: एका अंगाला पाच ठिपके, दुसऱ्या अंगाला दोन. पण टेबलावरच्या रांगेच्या कुठल्याच टोकाला पाच किंवा दोन उघडा नव्हता, म्हणजे ती जुळवायला जागाच नव्हती. सवयीने त्याचा हात कानामागे गेला.

आणि एलिसेओने सोंगटी लावून टोकाला पाच उघडला.

“अरे गाढवा!” नीकानोर ओरडला. “त्यांना वाट कशाला दिलीस?”

एलिसेओ आपल्याच हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. “मी... मला नाही ठाऊक रे. हातानेच टाकला.”

फिलिबेर्तोने पाच-दोन मुठीत धरली. मग त्याच मुठीने टेबलावर दोनदा ठोकलं.

“नाही माझ्याकडे. पुढे चला.”

नीकानोरने शेवटची सोंगटी आपटली. एलिसेओने उडी मारून त्याला मिठी मारली. “बघितलंस? उगाच ओरडत होतास!” मग फिलिबेर्तोकडे वळून म्हणाला, “तुम्हीही बरं खेळता हो, दादा. परत या.”

“येतो की,” फिलिबेर्तो म्हणाला, आणि कुणी हातात उरलेल्या सोंगट्या बघून गुण मोजायच्या आत मुठीतली सोंगटी पालथी टाकून दोन्ही हातांनी सगळा डाव घुसळायला लागला.